ऱ्होड्सचे जुने शहर पायी पाहायचे तर वरून खाली या

प्रश्न असा आहे: सप्टेंबरात भूमध्य समुद्रातली क्रूझ ऱ्होड्सला सकाळी आठ ते संध्याकाळी सहा थांबणार. सोबत सत्तरीची आई आहे, तिच्या गुडघ्यांना चढ आणि पायऱ्या सोसत नाहीत. कॉलेजातला मुलगा आहे, तो सुट्टी मिळाली की सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर असतो. जहाजाकडून मिळणारी सहल घ्यावी, की जुने शहर आपले आपण पायी पाहावे? आणि पायी पाहायचे तर कुठून, कसे?

आपले आपण, पायी. मराठी मंडळींचे गट ग्रीसला नेण्याचे काम मी बरीच वर्षे करते आहे, आणि ऱ्होड्सपुरते हे उत्तर मी न अडखळता देते. जहाज लागते तिथून तटबंदी समोर दिसते आणि थोडे चालले की दरवाजा येतो. बसची गरजच नाही. जहाजाच्या सहली बहुधा आधी लिंडॉसला नेतात, म्हणजे जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, आणि जुन्या शहराच्या वाट्याला उरलासुरला वेळ येतो. लिंडॉस सुंदर आहे, पण तिथला गड चढून जावा लागतो. तो आईंच्या कामाचा नाही. आणि तट, खंदक, दवाखाना, मशीद, सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, हे सगळे एकाच कोटात ज्या शहरात आहे, ते तासाभरात उरकण्यासारखे नाही.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे दिशा. जहाजातून उतरलेली माणसे समोरच्या सागरी दरवाजातून किंवा व्हर्जिन दरवाजातून आत शिरतात, हिप्पोक्रेटिस चौकातून सॉक्रेटिस रस्त्याने दुकाने बघत चढ चढतात आणि ऊन तापल्यावर, पाय दमल्यावर राजवाड्याच्या रांगेत उभी राहतात. तुम्ही नेमके उलटे करा. बंदरावरून टॅक्सी घेऊन शहराच्या पश्चिम टोकाच्या आंब्वाझ दरवाजाशी उतरा. तिथून पुढचा सगळा रस्ता बंदराकडे उतरत जातो. आईंना दिवसभरात म्हणण्यासारखा चढ लागत नाही, आणि शेवटी तुम्ही आपोआप जहाजाजवळ असता.

मुलाला मात्र टॅक्सीत बसवू नका. त्याला अकांडिया दरवाजाजवळून खंदकात उतरू द्या. कोरडा खंदक आहे, आता त्यात गवत आणि झाडे आहेत, सकाळी सावलीही असते आणि तिकीट नाही. तटाच्या बाहेरून दक्षिण आणि पश्चिम बाजूला वळसा घालत तो उत्तरेला मांद्राकी बंदराच्या अंगाला बाहेर पडेल आणि तिथून आंब्वाझ दरवाजाशी तुम्हाला येऊन मिळेल. तासाभराची चाल आहे. तोवर तुम्ही दोघी दरवाजाच्या आतल्या झाडांखाली बसा. आईंना हवे असेल तर तिथे रेखाचित्र काढून देणारे चित्रकार असतात.

खंदकाचा एवढा आग्रह का, ते सांगते. ऱ्होड्स हे मुळात दोन वेढ्यांनी घडवलेले शहर आहे. सेंट जॉनच्या नाइट्सनी, म्हणजे जेरुसलेममधल्या यात्रेकरूंची शुश्रूषा करण्यापासून सुरू झालेल्या लढवय्या पंथाने, १३०९ मध्ये हे शहर घेतले. १४८० मध्ये उस्मानी तुर्कांचा वेढा पडला. तो नाइट्सनी परतवला, पण तोफांनी तट खिळखिळा केला आणि पुढच्याच वर्षी भूकंपाने उरलेले पाडले. त्यानंतर चाळीस वर्षे, १५२२ पर्यंत, हे लोक जवळजवळ अखंड बांधकामच करत होते. जग तेव्हा धनुष्यबाणाकडून तोफांकडे वळत होते. ते वळण भिंतीत कसे उमटले, हे एका फेरीत दाखवणारी जागा युरोपात फार थोडी असेल.

किल्ले पाहिलेल्या मुलाला काय बघ म्हणून सांगायचे? सुरुवातीलाच इटलीच्या नाइट्सनी राखलेल्या भागात देल कारेत्तोचा बुरूज लागेल. गोल, बुटका, प्रचंड जाड. उंच मनोरा तोफेला सोपे लक्ष्य ठरतो हे उमगल्यावरचे हे बांधकाम आहे. पुढे पश्चिमेला सेंट जॉर्जचा मनोरा आहे. तिथे जुना चौकोनी मनोरा आत आहे आणि त्याच्याभोवती १४९६ मध्ये घातलेले बहुकोनी कवच बाहेर. या कवचासाठी तिथला दरवाजाच कायमचा बंद केला. काही टप्प्यांत खंदक दुहेरी आहे. मधला कातळ न फोडता तसाच ठेवला आणि त्याचीच आडभिंत केली. हे सगळे आपल्या वसईच्या किल्ल्याशी ताडून पाहायला सांगा. वसईत पोर्तुगीजांनी बांधलेले टोकदार बुरूज एकमेकांच्या पायथ्यावर मारा करू शकतात. ती या प्रवासातली पुढची पायरी. ऱ्होड्सला ती पायरी चढताना दिसते.

तटाची राखण पंथाच्या वेगवेगळ्या ‘भाषां’कडे, म्हणजे मुलखावार गटांकडे, वाटून दिलेली होती: फ्रान्स, ओव्हर्न, अरागॉन, इंग्लंड, प्रोव्हान्स, इटली वगैरे. भिंतीत बसवलेल्या संगमरवरी ढालींवरून कुठला ग्रँड मास्टर, म्हणजे पंथाचा प्रमुख, असताना तो तुकडा बांधला ते कळते. पिएर द'ओब्युसाँची ढाल इतक्या ठिकाणी आहे की मुलगा थोड्याच वेळात ती लांबून ओळखायला लागेल.

आणि इंग्लंडच्या भागापाशी त्याने जरा थांबावे. १५२२ च्या उन्हाळ्यात स्वतः सुलतान सुलेमान, वयाच्या सत्ताविशीत, अफाट फौज घेऊन इथे उतरला. आत नाइट्स सहा-सातशे, बाकी भाडोत्री सैनिक आणि शहरातली माणसे. तोफांनी भिंत पडेना म्हणून तुर्कांनी भुयारे खणून सुरुंग लावायला सुरुवात केली. बचावासाठी बेर्गामोचा गाब्रिएले तादिनी नावाचा अभियंता होता. त्याने ताणलेल्या कातड्याचे ढोल जमिनीवर मांडले आणि त्यांना बारीक घंटा लावल्या. खाली कुठे कुदळ चालली की कातडे थरथरायचे आणि घंटा वाजायच्या. मग तिथे उलट भुयार खणून सुरुंग निकामी करायचा. कित्येक सुरुंग त्याने असे हुडकले. पण ४ सप्टेंबरला इंग्लंडच्या बुरुजाखालचा एक सुरुंग फुटलाच. पडलेल्या खिंडारावर घनघोर लढाई झाली आणि तुर्क मागे हटले. वेढा मात्र डिसेंबरपर्यंत चालला. शेवटी शहरच थकले. ग्रँड मास्टर व्हिलिए द लील-आदाँने शरणागतीच्या अटी मान्य केल्या आणि १ जानेवारी १५२३ ला नाइट्स शस्त्रांसह, मानाने गलबतांवर चढून गेले. सात वर्षे भटकून १५३० मध्ये त्यांना माल्टा मिळाले. याच सुलेमानाच्या आरमाराने १५३८ मध्ये आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दीवला पोर्तुगीजांना वेढा घातला होता. ऱ्होड्स आणि दीव एकाच राजवटीच्या नकाशावर होते, हे खंदकात उभे राहून आठवावे असे आहे. खंदकात जागोजागी दगडी तोफगोळे पडलेले दिसतील. काही तर दोन्ही हातांच्या कवेत मावणार नाहीत.

आता आंब्वाझ दरवाजा. १५१२ चा. दरवाजावर देवदूताने धरलेल्या ढाली आहेत, दोन्ही बाजूंना बुटके गोल बुरूज, आणि आतली वाट सरळ जात नाही. वळणावळणाने, एकामागून एक दरवाजे ओलांडत जाते. शत्रूला वेग घेता येऊ नये आणि वरून त्याच्यावर मारा करता यावा, हा विचार रायगडाचा महादरवाजा पाहिलेल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

आत आल्यावर ऑर्फियस रस्त्याने आधी सुलेमान मशिदीपर्यंत जाऊन या. फिकट गुलाबी गिलाव्याची ही मशीद विजयानंतर लगेच उभारली गेली. आजची इमारत १८०८ मधली. ती बहुतेक वेळा बाहेरूनच पाहायला मिळते. समोरच १७९३ चे हाफिज अहमद आगा यांचे ग्रंथालय आहे. बाहेरच्या रस्त्यावर गर्दी असली तरी त्याच्या अंगणात शांतता असते. काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी केलेली अशी अंगणे या शहरात पुष्कळ दिसतील, त्यांची नीट ओळख इथे होते. आईंना बसायला चांगली जागा.

मग मागे वळून ग्रँड मास्टरचा राजवाडा. इथे एक गोष्ट आधीच माहीत असावी, नाहीतर फसगत होते. समोर जो भव्य मध्ययुगीन राजवाडा दिसतो, त्यातला फार मोठा भाग विसाव्या शतकातला आहे. १८५६ मध्ये जवळच्या सेंट जॉनच्या चर्चखाली साठवलेल्या, विस्मरणात गेलेल्या दारूच्या कोठाराचा स्फोट झाला. चर्च गेले, राजवाडा उद्ध्वस्त झाला, शेकडो माणसे मेली. १९१२ मध्ये इटलीने बेट घेतले आणि १९३७ ते १९४० या काळात, फॅसिस्ट राजवटीत, हा राजवाडा पुन्हा उभारला. संशोधनापेक्षा थाटामाटाकडे जास्त लक्ष देऊन. आतल्या जमिनीवरची मोझेक अस्सल प्राचीन आहेत, पण ती इथली नाहीत. शेजारच्या कोस बेटावरून आणून बसवली आहेत. त्यातली मेदुसा आणि नऊ म्यूझेस बघण्यासारख्या आहेत यात शंका नाही. पण वरच्या मजल्यावर जाणारा जिना मोठा आहे. आईंना खालच्या चौकात बसू द्या.

राजवाड्यातून बाहेर पडलात की नाइट्सचा रस्ता सुरू होतो आणि तो उतरत उतरत थेट जुन्या दवाखान्यापाशी जातो. छायाचित्रांत सगळ्यांनी पाहिलेला रस्ता. दोन्ही बाजूंना निरनिराळ्या ‘भाषां’ची वसतिगृहे. तिथे त्या त्या मुलखाचे नाइट्स जेवत, पाहुणे उतरवत, सभा घेत. घाईने उतरू नका. फ्रान्सच्या वसतिगृहासमोर किमान पाच मिनिटे उभे राहा. १४९२ पासून पुढे सतरा वर्षे बांधलेली ही या रस्त्यावरची सर्वात देखणी इमारत. खालची दारे कमानींची आणि साधी, कारण तळमजला गोदामांना आणि तबेल्यांना दिलेला. राहणे वर. मध्ये दगडात कोरलेली दोरीसारखी पट्टी, वर ढाली आणि फ्रान्सच्या राजाची लिलीची फुले, आणि अगदी वर छताशी पाणी सोडणाऱ्या पन्हळी. त्या मगरीच्या आकाराच्या आहेत. बहुतेकांची नजर तिथवर जातच नाही.

या रस्त्याबद्दलही तेच सांगायचे आहे जे राजवाड्याबद्दल सांगितले. १५२३ नंतर जवळपास चारशे वर्षे इथे तुर्क कुटुंबे राहत होती. त्यांनी या दगडी भिंतींना जाळीदार लाकडी सज्जे काढले होते, आतल्या बायकांना रस्ता दिसावा म्हणून. इटालियन आले आणि १९१३ नंतरच्या तीन-चार वर्षांत त्यांनी हे सगळे उतरवून रस्ता ‘मूळ’ रूपात आणला. काम मन लावून केलेले आहे आणि त्याशिवाय बऱ्याच इमारती पडून गेल्या असत्या. तरीही चार शतकांचे जगणे भिंतीवरून खरवडून काढले गेले, हे मला दर वेळी जाणवते. म्हणूनच हा रस्ता इतका स्वच्छ आणि इतका रिकामा आहे: ना दुकान, ना वाळत घातलेले कपडे. तो बघा, पण ऱ्होड्स म्हणजे एवढेच असे समजून परत जाऊ नका.

रस्ता संपतो तिथे नाइट्सचा दवाखाना, आज पुरातत्त्व संग्रहालय. एकाच ठिकाणी तिकीट काढायचे असेल तर राजवाड्याचे सोडा आणि इथले काढा, असे मी ठामपणे सांगते. ही खरी इमारत आहे: १४४० मध्ये काम सुरू, १४८९ मध्ये पूर्ण. खालच्या चौकात प्राचीन काळचा दगडी सिंह बसलेला आहे, पुढच्या पंजांत बैलाचे मुंडके धरून. वरच्या मजल्यावर रुग्णांची मोठी खोली आहे. पन्नास मीटरच्या आसपास लांब, मध्ये खांबांची एकच रांग, आणि दरवाजाच्या बरोबर समोर प्रार्थनेची जागा, खाटेवरून दिसावी अशी. तलवार घेऊन फिरणाऱ्या या लोकांचा मूळ धर्म शुश्रूषेचा होता, हे पुस्तकापेक्षा या खोलीत जास्त पटते. त्यांच्या नियमांत रुग्णाला ‘आमचे धनी’ म्हटलेले आहे. इथेही वर जायला जिना आहे, पण एकच. तो आईंनी सावकाश चढावा, वर गेल्याचे वाईट वाटणार नाही. संग्रहालयातली न्हाऊन केस पिंजारणारी लहानशी अॅफ्रोडायटी जगप्रसिद्ध आहे.

ग्रीसमध्ये पर्यटकांना माहिती सांगायचे काम परवानाधारक गाइडनेच करायचे असा कायदा आहे. पैसे खर्च करायचे असतील तर अशा स्थानिक गाइडला संग्रहालय आणि नाइट्सचा रस्ता एवढ्यापुरतेच दोन तास घ्या. दिवसभर गाइड नको.

एव्हाना दुपार होईल. जेवणाबद्दल थोडक्यात. हिप्पोक्रेटिस चौकातल्या, रस्त्यावर माणूस उभा करून बोलावणाऱ्या हॉटेलांत बसू नका. सॉक्रेटिस रस्ता ओलांडून दक्षिणेच्या गल्ल्यांत जा. मासे घेणार असाल तर भाव किलोवर असतो, आधी वजन करून किंमत विचारून घ्या. शाकाहारी असाल तर इथले पितारूदिया मागवा. काबुली चणे, कांदा, टोमॅटो आणि पुदिना घालून तळलेले, ऱ्होड्सचेच खास. ‘निस्तीसिमो’ आहे का असे विचारले तर वाढणाऱ्याला लगेच कळते. ऑर्थोडॉक्स लोकांच्या उपवासाचे ते जेवण, त्यात मांस, दूध, अंडी नसतात. पण कोळंबी किंवा कालवे असू शकतात, तेवढे स्पष्ट विचारा. गोड म्हणून मेलेकूनी घ्या. तीळ आणि मध, आपल्या तिळाच्या वडीची सख्खी बहीण, फक्त मऊ आणि संत्र्याच्या सालीचा वास असलेली.

दक्षिणेचा हा भाग, ग्रीकमध्ये ‘खोरा’, म्हणजे ज्या शहरात लोक खरोखर राहतात ते शहर. नाइट्सच्या काळात पंथाचा भाग आतल्या भिंतीने वेगळा केलेला होता आणि बाकीची प्रजा, ग्रीक, ज्यू, लॅटिन व्यापारी, इथे राहत असे. तुर्की अमलात ग्रीक ख्रिश्चनांना कोटात मुक्काम करण्याची मनाई झाली. दिवसा धंदा करायचा, सूर्यास्ताला दरवाजे बंद व्हायच्या आत बाहेर पडायचे. तटाबाहेरची आजची वस्ती त्यातूनच वाढली. संत फानूरिओसच्या नावाच्या गल्लीने चाला. डोक्यावर घराघरांना जोडणाऱ्या दगडी कमानी दिसतील. त्या शोभेच्या नाहीत, भूकंपात भिंतींनी एकमेकींना टेकू द्यावा म्हणून आहेत. याच गल्लीत त्या संताचे छोटे, अंधारे चर्च आहे. आत जुनी भित्तिचित्रे. हरवलेली वस्तू सापडवून देणारा संत अशी त्याची ख्याती, आणि ती सापडली की त्याच्या नावाने केक करून वाटायचा असा ग्रीक बायकांचा रिवाज. खांदे झाकलेले असू द्या, आणि दारात बसलेल्या आजींना ‘कालिमेरा’ किंवा दुपारनंतर ‘कालिस्पेरा’ म्हणा. दुपारी दोन ते पाच इथे लोक झोपतात. मोठ्याने बोलू नका.

पायांखालची जमीन मात्र सांभाळा. समुद्रातले गोल गोटे उभे रोवून केलेली फरसबंदी आहे. पातळ तळव्याच्या चपलेतून प्रत्येक गोटा टोचतो, आणि सकाळी दुकानदारांनी पाणी मारले की निसरडे होते. आईंना जाड तळव्याचे, घोटा धरणारे बूट द्या. काठीला रबरी टोक हवेच.

इथून पायथागोरस रस्ता ओलांडून पूर्वेला ज्यू वस्ती. काहाल शालोम सिनेगॉग १५७७ चे, ग्रीसमधले आज वापरात असलेले सर्वात जुने. जमिनीवर तीच काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी. शेजारच्या खोल्यांत, जिथे पूर्वी बायका प्रार्थनेला बसत, छोटे संग्रहालय आहे: लग्नाचे कपडे, शाळेतले फोटो, लादिनो भाषेतले कागद. स्पेनमधून हाकलले गेलेले हे लोक चारशे वर्षे इथे जुनी स्पॅनिश बोलत होते. जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी आधी पुरुषांना कागदपत्रे तपासायची म्हणून बोलावले, मग बायकामुलांना. २३ जुलैला सगळ्यांना मालवाहू होड्यांत भरून नेले. ऱ्होड्स आणि कोस मिळून सतराशेच्या आसपास माणसे. आउशवित्झच्या मृत्युछावणीतून दीडशेच्या आसपास जिवंत राहिली. तुर्कस्तानचे वाणिज्यदूत सेलाहत्तीन उल्कुमेन यांनी तुर्की नागरिकत्वाचा आधार घेऊन चाळीसहून अधिक जणांना सोडवून घेतले. बाहेरच्या चौकात समुद्रघोड्यांचे कारंजे आहे आणि सहा भाषांत कोरलेला काळा दगड. चौक कॅफेंनी वेढलेला आहे. कित्येक गट इथे आइस्क्रीम खातात आणि दगड न वाचता उठतात. तुम्ही वाचा, मुलालाही वाचू द्या. सिनेगॉग शनिवारी बंद असते, त्यामुळे जहाजाचा वार आधी तपासा.

चौकातून पुढे गेले की व्हर्जिन दरवाजा, पलीकडे बंदर. एक प्रश्न सगळे विचारतातच, म्हणून सांगून टाकते: जगातल्या सात प्राचीन आश्चर्यांपैकी एक असलेला ऱ्होड्सचा महाकाय पुतळा, कोलोसस, कुठे होता? बंदराच्या तोंडाशी दोन पाय फाकवून तो कधीच उभा नव्हता. ती नंतरच्या चित्रकारांची कल्पना. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातल्या भूकंपात तो पडला आणि नेमकी जागा ठरलेली नाही. मांद्राकीला आज खांबांवर हरणे आहेत. तेवढ्यासाठी उन्हात तंगडतोड करू नका.

वेळ कमी पडायला लागला तर आधी राजवाड्याचा आतला भाग गाळा, मग सॉक्रेटिस रस्त्यावरची खरेदी. खंदक आणि सिनेगॉग गाळू नका. आणि आईंना दमल्यासारखे वाटले तर ज्यू चौकापासून जहाज जवळ आहे. तिथून त्या परत जाऊ शकतात आणि तुम्ही दोघे पाचपर्यंत गल्ल्यांत फिरू शकता.